दसऱ्याला पाइपनं धुतलेली मशीन

दसऱ्याला कुणी पाइपनं गाडी धुताना दिसलं की आजही माझं डोकं सटकतं.

नाणं टाकून खेळायच्या, कपाटाएवढ्या जुन्या व्हिडिओ गेमच्या मशिनी जमवणारे आम्ही वाशिम जिल्ह्यात मूठभर वेडे. मशीन सापडते एका गावी, ठेवायची जागा दुसऱ्या. मग मीच फोनाफोनी करून सोय लावली. बाजारात माल टाकून जो रिकामा परतेल, त्यानं वाटेवरची मशीन आणायची. मशीन उभी ठेवा, वर पोती टाकू नका, पाणी लागू देऊ नका, हे प्रत्येकाला घसा फोडून सांगायचो.

रिठदच्या एका काकूंकडे अशी मशीन होती, तीही चालू. काकांचं रिसोडला स्टँडजवळ गेमचं दुकान होतं. ते गेल्यावर काकूंनी मशीन आम्हाला देऊन टाकली.

"जपजा बाप्पा. दिवाळीले मी पोरीकडं कारंज्याले येतो, तवा मले आवाज आयकाचा हाये. थो आवाज आला का वाट्टे, हे दुकानातच बसेल हायेत."

"जपू काकू. माहा जिम्मा," मी म्हणालो.

कारंज्याकडचा एक पिकअपवाला रिसोडला माल टाकून परतत होता. त्यानं मशीन उचलली आणि सणाला थेट स्वतःच्या घरी नेली. दसऱ्याच्या दुपारी कारंज्यात माझ्या दारात आणली ती हळदीकुंकू लावून, झेंडूचा हार घालून. मागून टपटप पाणी गळत होतं.

"हे काय केलं रे?"

"दसरा नाही का भाऊ! ट्रॅक्टर धुतला, गाडी धुतली, मंग इले काहून सोडाव? पण वाटेत पाऊस आला तं ताडपत्री टाकली बरं. एक थेंब नाही लागू देला!"

अरे भल्या माणसा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोललो त्याला. आठवडाभर उन्हात वाळवली, मेकॅनिक आणला. बोर्ड गेलं होतं, पिक्चर ट्यूब गेली होती, प्लायवूड फुगून फाटलं होतं. आणि आमच्या ग्रुपवर काय? हात जोडलेली चित्रं, आणि "देवाची मर्जी". देवानं धरला होता का पाइप?

दिवाळीत काकू आल्या. त्यांना फोन करून सांगायची माझी हिंमतच झाली नव्हती. नेमका तो पिकअपवालाही खालमानेनं येऊन उभा होता. काकूंनी स्वतः बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मशिनीला कान लावून बसल्या. ते पाहून माझा तोल गेला, मी त्याच्यावर पुन्हा तुटून पडलो. अक्कल काढली, बाप काढला.

काकूंनी मला हातानंच थांबवलं.

"त्याले काहून बोलता? भंगारवाला आला होता माह्या दारी. थो तोंडावर म्हणे, मी तोडीन. म्हणून त्याले नाही देली. तुमी म्हणले, माहा जिम्मा, म्हणून तुमाले देली."