नाटकानंतरची झोप

माझी मुलगी आठ वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करायची. राजुऱ्याच्या घरामागे तिची गोधडी रोज वाळत असे. शेजारणीला दिसू नये म्हणून मी गोधडीवर साडी टाकायचे. शेजारणीला अर्थातच सगळं माहीत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळनंतर पाणी बंद कर तिचं." केलं. तर पोरगी न्हाणीतल्या बादलीतून ओंजळीने पाणी प्यायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रश्न आला, की हिला संध्याकाळीच एवढी तहान का लागते? खोदून विचारलं तेव्हा कळलं. शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. भिंतीमागे जावं तर पोरं ओरडायची. म्हणून ही दिवसभर पाण्याला शिवत नव्हती आणि घरी आली की तांब्याच तोंडाला लावायची.

शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. मधल्या सुट्टीत घरी यायचं, आधी मोरीत जायचं, मग पाणी प्यायचं, असा नियम केला. पावसाळा संपेपर्यंत रोजचं ओलं अधूनमधून होण्यावर आलं. पूर्ण थांबलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि वडशाजवळच्या माझ्या भावाच्या गावची मंडई आली, म्हणजे जत्रा आणि रात्री नाटक.

"नाई येत मी मामाच्या गावाले."

"काऊन?"

"तुले माहीत हाय काऊन."

मला माहीत होतं. आदल्या वर्षी मंडईला गेलो तेव्हा पडवीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून सगळी पोरं ओळीने झोपली होती. सकाळी भावाच्या थोरल्या मुलीने गोधडी उचलली आणि ओरडली, "आत्या, बांधी भरली वं! रोवणी करा आता!" ओल्या अंथरुणाला पाण्याने भरलेलं धानाचं खाचर म्हटल्यावर अख्खं घर हसलं. माझी पोर परतीच्या एसटीत बसेपर्यंत जेवली नाही.

पण नाटकाचं वेड तिला होतंच. नाटकातल्या राणीची भाषणं ती आरशासमोर म्हणायची. मी म्हटलं, "नाटक रात्रभर चालते. झोपाचंच नाई, तर भेव कायचं?"

हे तिला पटलं. मलाही पटलं. झाडीपट्टीत वाढलेल्या बाईने विसरू नये ते मी विसरले होते. नाटक पाहून आलेलं गाव दिवसा झोपतं.

शेवटचा पडदा पडेपर्यंत ती टक्क जागी होती. जागी राहावी म्हणून मीच तिला दोनदा चहा पाजला होता. उजाडता घरी आलो तर पडवीत तणस पसरून तयार. वहिनी म्हणाली, "पडा वं पोरीहो." मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, इले कडेले झोपवा," थोरली खिदळली. "पाणी पाटातून जाईन."

ती मुकाट कडेला जाऊन आडवी झाली आणि लगेच झोपली. मी खांबाला टेकून बसले.

"बाई, कोनाची राखण करून राह्यल्या?" वहिनी म्हणाली. "पडा न."

"झोप नाई येत."

झोप तर डोळ्यांवरून ओघळत होती. मी दोनदा उठले. हलवून जागं करावं तर बाजूची थोरली उठणार, मग विचारणार, मग हसणार. न करावं तर ते दोन कप चहा. पहिल्यांदा अर्ध्यातून परत फिरले. दुसऱ्यांदा खांद्याला हात लावला, तर तिने तो झटकला. पुन्हा खांबाशी येऊन बसले. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन अंगणातून कलायला लागलं होतं. तिची जागा रिकामी होती. मी रांगतच गेले, गोधडीखाली हात घातला, तणस दाबून पाहिली. ऊब लागली. पण ऊब अंगाची की आणखी कशाची, हातालाच समजेना.

मागच्या दाराने ती आली. हातात टमरेल. झोपलेल्या बहिणींना ओलांडत, एकेक पाय जपून टाकत. माझा हात पाहून थांबली.

"काय चाचपून राह्यली? कोरडं हाय."

"कोनं उठवलं तुले?"

"कोनं नाई. लागली, म्हून उठली."

तिने टमरेल भिंतीशी ठेवलं आणि मी बसले होते त्याच खांबाला टेकून बसली.

"झोप आता तू. मी जागीच आहो."

मी तिच्या जागेवर आडवी झाले. वहिनीने दिवेलागणीला चहासाठी हलवलं तेव्हाच उठले.