खुर्चीतला कौल

आमच्या ह्यांना नसत्या चौकशा फार. सलून चालवतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही आणि ह्यांचं तोंड बंद होत नाही. गेल्या वर्षी ह्यांनी एकच प्रश्न लावून धरला होता: आपल्या क्लबचा लाडका स्ट्रायकर कोण?

कारण धाकटे भावजी. तेही त्याच क्लबकडून पगारी फुटबॉल खेळतात. गोल भावजींचे जास्त, पण पोरं जर्सी घालून फिरणार ती दुसऱ्या स्ट्रायकरच्या नावाची. त्याला सगळे 'हसरा' म्हणतात. असं का, हे कोडं मलाही सुटत नव्हतं. तेवढ्यात भावजींना बाहेरच्या एका मोठ्या क्लबचं बोलावणं आलं आणि ते आमच्याकडे येऊन बसले.

"दादा, इथल्या लोकांना मी हवा असेन, तर नाही जात. तुझ्या दुकानात सगळं गाव येतं. तूच सांग."

झालं! हे कामालाच लागले. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावायचा, वस्तरा गळ्याशी न्यायचा आणि विचारायचं, "काय हो, हसरा बरा की आमचा धाकटा?" आता कोण शहाणा हसऱ्याचं नाव घेईल? पोस्टमन, बेकरीवाला, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे एका सुरात "तुमचा धाकटाच!" मी एकदा म्हटलं, "अहो, वस्तरा खाली ठेवून विचारा की!" तर मलाच म्हणाले, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं?" मग मीही नाद सोडला.

भावजींनी मोठ्या क्लबला नकार कळवून टाकला.

मोसम संपला तेव्हा क्लबने प्रेक्षकांची मतं घेऊन लाडका खेळाडू जाहीर केला. हसऱ्याचं नाव पुकारल्यावर लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. भावजी पार तळाला, राखीव गोलकीपरच्याही खाली. आमच्या पुढच्या रांगेत तो पोस्टमन उभा राहून हसऱ्यासाठी शिट्या मारत होता.

संध्याकाळी भावजी थेट आमच्या स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, आता दोघा भावांची जुंपणार. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि शांतपणे विचारलं, "दादा, गिऱ्हाइकांचं राहू दे. तुला कोण आवडतो?"

हे माझ्याकडे बघायला लागले. साऱ्या गावाला विचारून झालं होतं, पण ह्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"हसरा," हे म्हणाले.

"का?"

"गोल झाला की तो आधी पास देणाऱ्याला मिठी मारायला पळतो. तू एकटाच छाती ठोकत कोपऱ्यात जातोस."

भावजी स्टुलावरून उठून उभे राहिले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी वाईटही वाटलं.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस? मी गेलो असतो ना, दादा!"

"म्हणूनच नाही सांगितलं," हे म्हणाले.