गणिताच्या तोंडीत शून्य

तांड्यावरच्या शाळेत मी सात वर्षे शिकवते आहे. शाळा पाचवीपर्यंत. खोल्या दोन, शिक्षक दोन. मुलांच्या घरी गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतात आणि पुस्तके मराठीत आहेत. मी साखऱ्याकडची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. गोरबोली मी इथे येऊन शिकले, तीही मुलांकडून. माझे उच्चार ऐकून तांड्यावरच्या म्हाताऱ्या अजून तोंडाला पदर लावतात, पण त्यांचे मला कळते आणि माझे त्यांना. पहिली-दुसरीला निम्मा तास मी गोरबोलीत शिकवते. चौथी-पाचवीला तिची गरज फारशी उरत नाही.

पहिल्या वर्षी जंताच्या गोळ्या द्यायला आरोग्य खात्याचे पथक आले होते. पांढरी गाडी, अनोळखी माणसे, भराभर मराठी. मुलांनी मागच्या खिडकीतून उड्या टाकल्या आणि ती नाल्याकडे पळाली. दोघे दुपारपर्यंत सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात नियम केला : बाहेरचे कुणी बोलले तर पळायचे नाही, माझ्याकडे बघायचे, मी सांगते. नियम चालला. पुढे पुढे मराठी चांगले समजणारी मुलेही पाहुणा बोलला की आधी मान माझ्याकडे वळवू लागली. मला त्यात काही वावगे दिसले नाही. ही चूक माझी आहे आणि ती आधीच नोंदवते.

गेल्या एप्रिलमध्ये पाचवीला सहा मुले होती. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत आता मूल नापास होऊ शकते. नापास झाले तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा. सहांपैकी एका मुलीचे नाव तालुक्याच्या ठिकाणच्या मुलींच्या निवासी शाळेच्या यादीत लागले होते. तिथे सहावीपासून राहणे, जेवण, शिक्षण एकाच आवारात. ही जागा तिच्या आईने मिळवली होती. त्यासाठी ती हळद शिजवण्याचे काम सोडून चार वेळा तालुक्याला गेली. यादीत अट एकच होती, मेच्या पहिल्या आठवड्यात पाचवी पासची गुणपत्रिका जमा करायची. ती नाही आली की जागा खालच्या नावाला.

मुलगी गणितात बरी होती. लेखी पेपरात ती काठावर राहिली, कारण उदाहरणांची भाषा पुस्तकी होती आणि तिने दोन गणिते वाचूनच सोडून दिली. तोंडीचे गुण मिळाले की ती आरामात पार होणार होती. तोंडी त्या वर्षी वर्गशिक्षकाने घ्यायची नव्हती. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते.

साहेब सकाळी साडेआठला आले. स्वभावाने रागीट नव्हते, घाईत होते. त्यांना त्या दिवशी अजून दोन शाळा करायच्या होत्या. मी वर्गाच्या कोपऱ्यात उभी राहिले. मुलीला त्यांनी विचारले, एका पोत्यात पंचवीस किलो हळद, तर चार पोत्यांत किती?

मुलीने मान माझ्याकडे वळवली.

परीक्षेत मी बोलू शकत नाही हे मला माहीत होते. तिला माहीत नव्हते. ती थांबली.

साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला. पुन्हा तेच.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा," साहेब म्हणाले. "पोरगी तुमच्या तोंडाकडं बघून राहिली. खुणा चालू आहेत का?"

मी म्हणाले, "साहेब, तिला प्रश्न कळला आहे. बाहेरच्या माणसाचं मी सांगते अशी सवय आहे त्यांना. एकदा फक्त तिला म्हणा, की तूच सांग."

"म्हणजे कसं बोलायचं हेबी तुमीच सांगणार? थांबा बाहेर."

मी बाहेर गेले. मुलगी दाराकडे बघत राहिली. साहेबांनी उरलेले प्रश्न विचारले आणि प्रत्येकापुढे रेघ मारली. हे मला बाकीच्या पाच जणांनी सांगितले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले : 'विद्यार्थिनी प्रतिसाद देत नाही. शिक्षिकेवर अवलंबून.' तोंडीला शून्य.

हळदीच्या पोत्याचा प्रश्न त्या मुलीला विचारला गेला, याचा राग मला आजही येतो. जानेवारीपासून ती शाळा सुटली की आईसोबत हळद वाळवायला जात होती. पोती मोजणे, काट्यावर किती चढले ते सांगणे हे तिचे काम. शेतमालक हिशेब चुकला तर तिला हाक मारायचा. या मुलीला पंचवीस चोक येत नाही असे सरकारी कागदावर लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन तालुक्याला गेले. मागणी एवढीच होती की तोंडी पुन्हा घ्यावी, पालकांसमोर घ्यावी आणि मला शाळेच्या आवाराबाहेर ठेवावे. साहेबांनी अर्ज वाचला. मग खुर्ची मागे सरकवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, पुन्हा तोंडी नियमात बसत न्हाई. जूनला परीक्षा आहेच. पण तुमची अडचण मला कळते, जागा जाईल. एक रस्ता आहे. मूल गतिमंद आहे असं शिफारसपत्र द्या. अशा लेकरांना सवलतीचे गुण असतात. डॉक्टरचा कागद मागून लावता येतो. आजच पास करून देतो."

मी विचारले, "ती गतिमंद आहे असं तुम्हाला वाटतं का?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न न्हाई. कागदाचा प्रश्न आहे."

"तो कागद तिच्यासोबत निवासी शाळेत जाईल."

"जाईल की. त्यानं काय बिघडतं? जागा तर मिळते."

मी उठले. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागून घेतला. शिक्का देताना साहेब म्हणाले, "मदत करून राहिलो तरी तुम्हाला तकलीफ. कमाल आहे."

हा निर्णय माझा एकटीचा नव्हता म्हणून संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. तिची आई चुलीवर बाटी, म्हणजे ज्वारीची भाकरी, भाजत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. ती माझ्याशी गोरबोलीत बोलली. तिचे शब्द इथे मराठीत देते. मी सगळे सांगितले. शिफारसपत्राचेही सांगितले.

"मग द्या लिहून," ती म्हणाली.

"ती येडी आहे असं लिहायचं आहे."

"लिहा की. कागदानं पोरगी येडी होते व्हय? आमच्या घरात समदे येडेच हाईत. पैली मी, चार खेपा त्या हापिसात घातल्या." ती हसली. मी हसले नाही तेव्हा ती थांबली.

मी तिला सांगितले की कागदाने मूल तसे होते. नव्या शाळेतली बाई पहिल्या दिवशी तो कागद वाचेल, तिला मागे बसवेल, अवघड गणित देणार नाही. तीन वर्षांनी ती खरोखर मागे पडलेली असेल आणि मग कागद बरोबर ठरेल.

"आणि जागा गेली तर?" तिने विचारले. "मग गावच्या शाळेत पायी. मग एखाद्या साली कारखान्यावर ऊस तोडायला आमच्या मागं. मग लगीन. ते कोण लिहून ठेवतं?"

तिने चुलीत लाकूड सारले. ती म्हणाली, "तुमची पोरगी असती तर?"

"तरीही लिहिलं नसतं," मी म्हणाले. ते खरे होते की नाही हे तपासायची वेळ माझ्यावर आलेली नाही. तिने बाटी उलटली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मुलगी उंबऱ्यात होती. तिने सगळे ऐकले होते.

मी पत्र दिले नाही. निकालाच्या दिवशी, एक मेच्या झेंडावंदनानंतर, तिच्या हातात गुणपत्रिका दिली. तीवर 'पुनर्परीक्षेस पात्र' असे छापलेले होते. पात्र हा शब्द तिथे कुणाला सुचला कळत नाही.

सुट्टीत मी रोज सकाळी तांड्यावर गेले. तिला गणित शिकवायचे नव्हतेच. मी लावलेली सवय मोडायची होती. मी लिंबाखाली पाठमोरी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, हिला काहीतरी विचारा. शेळ्या घ्यायला आलेला व्यापारी, मीटर वाचायला आलेला माणूस. सगळ्यांत उपयोगी पडला हिंगोलीहून मोटारसायकलवर येणारा गारीगारवाला. त्याने पेटी उघडून विचारले, "दो पेटी, हर पेटी में बीस. बारा बिक गए. बोल, कितने बचे?"

पहिल्या दिवशी त्याने वाट बघितली आणि पेटी मिटून तो पुढे गेला. तिची नजर माझ्या पाठीवर आहे हे मला कळत होते. चौथ्या दिवशी त्याने तेच विचारले आणि ती म्हणाली, "अठ्ठावीस. पण एक गळून राहिली, ती मोजायची का?"

गारीगारवाला म्हणाला, "मॅडम, ये तो मेरेकू धंदा सिखाती." गळणारी गारीगार त्याने तिला देऊन टाकली.

जूनमध्ये तेच साहेब आले. मी त्यांना दिसेन अशी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. तोंडी पाच-सात मिनिटांत संपली. साहेबांनी मला आत बोलावले. ते खूश होते.

"बघा मॅडम, एका सुट्टीत केवढी प्रगती. एकदाही चुकली न्हाई. काय उपक्रम केला ते लिहून द्या, आपण वर पाठवू. फोटो असले तर जोडा."

मी तिथेच कागद घेतला आणि लिहिले : 'या विद्यार्थिनीच्या गणितात एप्रिल ते जून या काळात कोणतीही प्रगती झालेली नाही. जूनमध्ये जे येते ते तिला एप्रिलमध्ये येत होते.' खाली सही केली. साहेबांनी वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले. फाइलमध्ये ठेवले नाही, हे मी पाहिले.

मुलगी अजून टेबलासमोर उभी होती. तिने साहेबांना मराठीत विचारले, "मंग मी आता त्या शाळेत जाऊ?"

"अगं, ती यादी भरली."

"कवा?"

"मेच्या पहिल्या आठवड्यात."

"तवाबी मला येत व्हतं," ती म्हणाली.

साहेब फाइलची नाडी बांधत म्हणाले, "हुशार आहेस. पुढच्या साली सातवीला बघू तुझं." मग ते पुढच्या शाळेला गेले.

त्या दुपारी मी निवासी शाळेत फोन केला. सातवीला नवा प्रवेश होत नाही, असलेली मुलगी सोडून गेली तरच जागा रिकामी होते, असे तिथल्या बाईंनी सांगितले. आता मुलगी गावच्या शाळेत सहावीला जाते. रस्ता नाल्यातून आहे, पाणी आले की दोन-दोन दिवस खाडा पडतो.

फोनवरचे उत्तर मी तिच्या आईला जाऊन सांगितले. शिफारसपत्राच्या त्या संध्याकाळनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"पोरीला तुमी सांगू नका," ती म्हणाली. "साहेबानं सातवीचं बोललेलं तिनं खरं धरलंय. मीच सांगते."