वरच्या मजल्यावरून उत्तर

इंटरनेट बंद पडलं म्हणून बोलावलेला तंत्रज्ञ माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. वरच्या मजल्यावर माझा सख्खा भाऊ राहतो. एकच तार दोन्ही घरांत जाते. तंत्रज्ञाने लॅपटॉपवरून भावाकडच्या यंत्राला हाक दिली आणि पडद्यावर ओळी उमटू लागल्या. उत्तर आलं, उत्तर आलं, पुन्हा उत्तर आलं.

"तार ठीक, पत्ता बरोबर," तो म्हणाला. "बिघाड तारेच्या वरच्या थरात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आहे, काका. होईल दुरुस्त."

तुमच्यात होतो दुरुस्त, बाबा, मी मनात म्हटलं. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून आम्ही भाऊ चार वर्षं बोललेलो नाही.

"आणि उत्तर आलंच नाही तर?" मी विचारलं.

"मशीन पुन्हा पाठवतं. ठरावीक वेळा पाठवतं, मग नाद सोडतं."

दर संक्रांतीला मी वर तिळाच्या वड्यांचा डबा पाठवतो. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर घालतात. तीच पोच. यंदाही डबा जिन्यात ठेवलेला सापडला. घासूनपुसून लख्ख, आत साखरेचा कणही नाही.

उत्तर येत नाही, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो. उत्तर तर दर वर्षी येतंय.