जंबियाबरोबर गेलेली किल्ली

मुक्बिलने बटण दाबलं. गाडीने एकदा 'टक्' केलं आणि गप्प बसली. पुन्हा दाबलं, तर तेवढंही नाही.

"रुसली का?" दारातून हूरियाने विचारलं. हूरिया म्हणजे त्याची आई, इब्बच्या डोंगरातल्या या वस्तीची सुईण. पिशवी काखेत धरून ती तयारच होती. वरच्या वाडीतून निरोप आला होता, की सबाहच्या कळा थांबत नाहीत, मूल पायाळू आहे, आणि पोरीचं हे पहिलंच. त्या वाटेला मोटार चढत नाही. चढते ती मुक्बिलची मोटरसायकल. चालत जायचं तर आईच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला.

किक तुटलेली होती. मुक्बिलने गाडी उतारावर लोटून पाहिली. ठिणगीच पडेना. घामाने निथळत तो ती पुन्हा वर ढकलत आला.

"काल सामना बघताना बरं वाटलं ना?" आई म्हणाली.

काल बॅटरीच्या वायरी खिडकीतून आत ओढून त्याने अख्ख्या गल्लीला टीव्हीवर फुटबॉल दाखवला होता. आपला संघ हरलाच, वर बॅटरीही मेली.

"कुणाची तरी दुसरी बसवतो. घडीभर थांब."

"मला थांबायला काय होतंय. सबाहला सांग."

त्याने सीटचे बोल्ट सोडले, सीट उचलली आणि तिथेच थिजला. बॅटरीच्या पेटीवर आडवी लोखंडी पट्टी, पट्टीला कुलूप. आणि किल्ली?

रमजानात त्याची आधीची बॅटरी चोरीला गेली, तेव्हा त्याने चार लोकांत शेजारच्या नुमानचं नाव घेतलं होतं. त्याच आठवड्यात ही पट्टी वेल्ड केली, कुलूप लावलं, आणि किल्ली हरवू नये म्हणून कमरेच्या जंबियाच्या, म्हणजे वाकड्या खंजिराच्या, पट्ट्याला बांधली. पुढे तंटा आकिलकडे, वस्तीच्या पंचाकडे गेला. निवाडा मान्य करू याचं तारण म्हणून दोघांनी आपापले जंबिये पट्ट्यासकट त्याच्या हवाली केले. रागाने पट्टा सोडणाऱ्याला किल्ली कुठून आठवणार?

आकिल आज शहरात बाजाराला गेला होता. घराला कुलूप.

"आता?" आईने विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

या आकाराची दुसरी बॅटरी वस्तीत एकाच घरी होती. त्या घरातल्या गाडीचं इंजिन परातीत सुटं पडलेलं, म्हणून बॅटरी दिव्याला जोडलेली. घर नुमानचं.

मुक्बिल जागचा हलेना. मग हूरियाच भिंतीपाशी गेली. "नुमान, बाळा, करवत आहे का रे?"

नुमान आला. एका गालात चघळायच्या पाल्याचा गोळा, एका हातात करवत, काखेत बॅटरी. त्याने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं.

"खाला, तुमच्यासाठी आलोय," तो म्हणाला. मुक्बिलकडे पाहिलंही नाही. मग पट्टी पाहिली. "मजबूत आहे. माझ्यासाठीच केली ना?"

मुक्बिलने पट्टी धरली, नुमानने करवत चालवली. लोखंडाचा भुसा दोघांच्या हातांवर पडत होता. पट्टी अर्धी कापली गेली आणि पातं तुटलं. नुमानने तुटक्या पात्याला फडकं गुंडाळलं आणि हातानेच घासत राहिला. आई मान वर करून डोंगराकडे बघत होती.

पट्टी तुटली. मुक्बिलने घाईत लाल वायरीला पाना लावला. पाना सांगाड्याला टेकला आणि चर्र करून ठिणगी उडाली.

"काळी आधी," नुमान म्हणाला. "मेलेलीसुद्धा चावते."

मेलेली बॅटरी बाहेर आली. मुक्बिलने नुमानची हातात घेतली आणि नको असताना त्याचे डोळे तिच्या कडेला गेले. चोरीला गेलेल्या बॅटरीच्या कडेला त्याने लाल रंगाचा ठिपका दिला होता.

"उलटी करून बघ," नुमान शांतपणे म्हणाला. "खालूनही बघ."

ठिपका नव्हता. मुक्बिलचे कान तापले.

त्याने बॅटरी पेटीत सारली. लाल वायर आधी, काळी नंतर. काळीचा नट खोबणीत खाली घसरला, स्क्रू त्याला पोचेना. नुमानने पाल्याची प्लास्टिकची पिशवी फाडून घडी घातली आणि नटखाली सरकवली. नट वर आला, स्क्रू पकडला.

बटण दाबताच गाडी गरजली.

"नुमान..." मुक्बिलने सुरुवात केली.

"चढ आधी. पोरगी खोळंबलीय."

वरच्या वाडीत आई आत गेली. मुक्बिल बाहेर गाडीवरच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. बंद करायची छाती होईना. आतून सबाहचं ओरडणं येत होतं, मग तेही थांबलं. त्याने हँडल घट्ट धरलं. बराच वेळ फक्त इंजिनचा आवाज.

मग कुणीतरी बारीक, चिडक्या सुरात रडायला लागलं. मुक्बिलने गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

हूरिया हात पुसत बाहेर आली. "मुलगी आहे. दोघी ठीक. गाडी का बंद केलीस?"

"आता होईल चालू."

"मग आधी आकिलकडे घे. एव्हाना बाजारातून आला असेल."

"किल्ली आणायला?"

"तू तिथे नुमानबद्दल काय बोलणार ते तुला ठाऊक," आई मागे बसत म्हणाली. "पण लवकर बोल. अंधार पडायच्या आत नुमानच्या घरी बॅटरी पोचली पाहिजे."