ओटीत घातलेला वसंता

"सख्खी भावंडं आहेत का?" मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं. माझी धाकटी बहीण विमल म्हणाली, "नाही. एकुलता आहे."

मी तिच्या शेजारीच उभी होते. वसंता माझ्या पोटचा. विमलला मूल नव्हतं, म्हणून तान्हा असतानाच त्याला तिच्या ओटीत घातलं. एकदा दिलेल्या मुलाला परत 'माझा' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती पाळली. तो देवासला वाढला, तिथल्याच कारखान्यात लागला. धारला यायचा तेव्हा मला मावशी म्हणायचा.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी हाडात असतात. त्यांच्या अंगावर निरोप घेणाऱ्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतात. वाढायचा निरोप आला की पेशी वाढते, थांबला की थांबते. वसंताच्या पेशींवरची ती जागा बिघडली होती. कुणी निरोप धाडत नसतानाही पेशी वाढतच होत्या. आता दुसऱ्याच्या मूळपेशी हव्या होत्या, आणि सख्ख्या भावंडाच्या जुळण्याची आशा जास्त.

मी डॉक्टरांना म्हटलं, "हा माझा मुलगा आहे. याचा सख्खा भाऊ दिलीप धारला आहे."

विमल खोलीबाहेर निघून गेली. वसंता मात्र खाटेवरून हसला. "मला काय आज कळलं, मावशी? दिलीपभियाचं नाक बघा नं, अन् माझं बघा."

दिलीप सायकलचं दुकान बंद ठेवून आला. पेशी जुळल्या, दिल्या. काही महिने वसंता बरा होता, देवासला घरी होता... मग आजार परतला. दिलीपच्या पेशींत खोट नव्हती. वसंताच्याच थोड्या बिघडलेल्या पेशी कुठेतरी उरल्या होत्या.

तेव्हा विमल म्हणाली, "ताई, बोललीस. काय मिळालं?"



गेल्या महिन्यात तो गेला. शेवटपर्यंत मावशीच म्हणाला. दिलेल्या मुलाचं सुतक जन्मदात्या आईला तीन दिवसांचं, पूर्ण सुतक विमलला. सुतकात फोडणी देत नाहीत; चौथ्या दिवशी मी धारला वरणाला फोडणी दिली. दिलीप पानावर बसला, मी त्याला वाढलं.

वसंता गेला. दिलीप, विमल आणि मी आहोत.