मी तूप सोडलं तो चातुर्मास

सोळाव्या वर्षी माझ्या तोंडावर मुरूम आले आणि माझी पुस्तकं पेटीत गेली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं आज कुणीही विचारील. आमच्या घरात तेव्हा तो कुणालाच विचारावासा वाटला नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. किन्हीराजा गावी आमची शेती होती. मी वाशीमला मावशीकडे राहून मुलींच्या शाळेत शिकत होते आणि दहावीत जाणार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा कपाळावर चार पुटकुळ्या होत्या. ज्येष्ठ लागेपर्यंत दोन्ही गाल भरले, हनुवटी भरली, मानेपर्यंत पीक आलं.

घरात शब्द चाले तो मोठ्या मायचा, म्हणजे माझ्या चुलतीचा. तिनं माझं तोंड उजेडाकडे फिरवून पाहिलं आणि निकाल दिला.

"गरमी हाये. कंदिलापाशी नाक नेऊन वाचते, सारी गरमी डोक्यात चढली. आन् वाशीमले भर उन्हात शाळेत जाते ते अलगच. मंग मुरूम नाई येतीन तं काय मोगरे येतीन?"

पुस्तकं लोखंडी पेटीत गेली आणि पेटीची चाबी मोठ्या मायच्या कमरेला लटकली. मी उन्हात जायचं नाही, वाचायचं नाही, सावलीत बसून राहायचं. गरमीवर उतारा म्हणून थंड खायचं: सकाळी लोण्यात कालवलेली खडीसाखर, दुपारी गुलकंद, संध्याकाळी साखर घातलेलं म्हशीचं दूध, अधूनमधून तुपात भिजलेला शिरा. झोपताना तोंडाला साय चोपडायची. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. घरातलं सगळ्यात चांगलं ते माझ्या पुढ्यात येत होतं, हीच अडचण होती. नाही म्हटलं तर अन्नाचा अपमान.

महिनाभरात माझ्या चोळ्या उसवाव्या लागल्या आणि मुरूम पिकायला लागले. गुण येत नाही असं पाहून मोठ्या मायनं दुधातली साखर वाढवली.

तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाईंचं पोस्टकार्ड आलं. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मी आले तर चालेल, तोवर नाव ठेवते, त्यानंतर वर्ष गेलं म्हणून समजा. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. मला कळलं ते असं, की वर्ष गेलं म्हणजे शाळाच गेली. सतराव्या वर्षी मुलीला परत वाशीमला कोण धाडतं?

मी रडत बसले नाही. बसून बसून आधीच कंटाळले होते. मी बघायला लागले.

आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बाईची लेक माझ्याच वयाची होती. सकाळी खुरपं न्यायला ती आमच्या दारात थांबे. दिवसभर उघड्यावर राहणारी पोरगी, पण तोंड कसं, घासलेल्या तांब्यासारखं. उन्हानं मुरूम येत असते तर तिच्या तोंडावर जागा उरली नसती. मी एकदा तिला आडोशाला गाठलं.

"तू तोंडाले काय लावते वं?"

"घाम," ती म्हणाली आणि खो खो हसली. "आन् मंग नाल्याचं पाणी."

"आन् खाते काय?"

"भाकर. भाजी भेटली तं भाजी, नाई तं मिरची. तुह्यासारखं तूप कोन देते मले?"

तिच्या गरिबीचं मला कौतुक करायचं नाही. तूप मिळालं असतं तर तिनंही खाल्लंच असतं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मला जे चारतात ते ती खात नाही आणि मला जे करू देत नाहीत ते ती दिवसभर करते. आता हे मोठ्या मायला सांगायचं कसं? सांगितलं असतं तर अकलेचंही पित्त झालं म्हणून गुलकंद वाढला असता.

वाट सापडली ती आषाढी एकादशीला. त्या दिवशी आमच्याकडच्या बाया मारुतीच्या देवळात जमून चातुर्मासाचा नेम धरत. कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने कुणी वांगं सोडी, कुणी कांदा-लसूण, कुणी पिंपळाला रोज फेऱ्या घाली. देवापुढे धरलेला नेम मोडायला सांगणं हे मोठ्या मायच्याही हातात नव्हतं. तिनं स्वतः वांगं सोडलं, जे तिला तसंही बाधायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय सोडतं? कारलं?"

बाया हसल्या. मी पुढे होऊन हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "साखर, गूळ, दूध, लोणी, तूप आन् तळलेलं. तोंडाले पान्याशिवाय काई चोपडनार नाई. आन् रोज पिंपळाले एकशेआठ फेऱ्या."

मोठ्या मायनं कपाळावर हात मारून घेतला.

"लोक भाज्या सोडतात," मोठी माय म्हणाली, "आन् हे पोट्टी तूप सोडून राह्यली! जगशीन काय खाऊन?"

"भाकर."

बाबा देवळाच्या पायरीवर उभे होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण ते सगळ्यांदेखत बोलले, "धरला तं धरला. कार्तिकीले तोंड साफ निघालं तं पोट्टी शाळेत जाईन. नाई निघालं तं पेटी बंदच राहीन, आन् पोट्टी पाह्यले पावने बोलावू."

माझी माय घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मला मात्र आनंद झाला होता. निदान आता मला काही करता येणार होतं.

पिंपळ गावाबाहेर, मारुतीच्या देवळापुढे. त्याच्या पाराला एक फेरी म्हणजे माझी पस्तीस पावलं. एकशेआठ फेऱ्यांचं कोसभर चालणं होई, शिवाय जाणं-येणं. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दगड झाल्या. दुसऱ्या आठवड्यापासून मी भरभर चालायला लागले, मग जवळजवळ पळायलाच. देवळाचा म्हातारा गुरव दारातून ओरडे, "पोरी, हळू चाल वं! देवाले चक्कर येऊन राह्यली!" घामानं पोलकं भिजे. घरी येऊन मी थंड पाण्यानं तोंड धुई आणि ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, तुरीचं साधं वरण, शेतातली काकडी असं बसून पोटभर खाई.

महिनाभर काही झालं नाही. उलट चार मुरूम नवे आले. मोठी माय रोज सकाळी बघे आणि नवे मुरूम बोटांवर मोजून निघून जाई. पोळ्याला पुरणपोळी झाली, मी भाकर खाल्ली. पाटावर बसलेली भावंडं मुद्दाम बोटं चाटत होती. गौरीच्या सुमारास तोंड धुताना हाताला पहिल्यांदा गुळगुळीत लागलं, तेही फक्त कपाळावर, रुपयाएवढ्या जागेत. मी कुणाला सांगितलं नाही. फेऱ्या तेवढ्या एकशेआठऐवजी सव्वाशे केल्या.

नवरात्रात गाल निवळले. विहिरीवर बाया थांबून बघायला लागल्या. दिवाळीचं सगळं तळण मी केलं. करंज्या, चकल्या, अनारसे, डबेच्या डबे भरले आणि एक तुकडा जिभेला लावला नाही. मोठ्या मायनं एक करंजी ताटलीत घालून माझ्यापुढे सरकवली. "एक खाल्ली तं देव काई पाहत नाई."

"देव नसन पाहत," मी म्हटलं, "तू तं पाहून राह्यली ना."

कार्तिकी एकादशीला सकाळी तिनं मला अंगणात उन्हात उभं केलं. तेच ऊन, ज्यानं गरमी होते म्हणे. बाबा आले, माय आली, खुरपं न्यायला आलेली निंदणवाली पोरगीही दारात थांबली. मोठ्या मायनं माझी हनुवटी धरून तोंड डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, मान वर केली. बराच वेळ शोधल्यावर तिचं बोट जबड्याखाली थांबलं.

"हा पाह्य. एक राह्यला."

"मोठी माय, तुह्या नाकावर तीळ हाये," मी म्हटलं. "तुले कोनी कोंडून ठेवलं काय?"

दारातली पोरगी फिसकन हसली. मग बाबा हसले, मायनं तोंडाला पदर लावला. बाबा म्हणाले, "वहिनी, चाबी द्या."

तिनं चाबी काढली, पण हातात देण्याआधी म्हणालीच, "देवानं केलं हे."

"देवानंच केलं," मी म्हटलं. श्रेय तिच्या देवाला, चाबी मला. हा व्यवहार मला पटला.

नेमकं कशानं झालं, ते मला आजही सांगता येत नाही. साखर सोडल्यानं, दूध-तूप सोडल्यानं, चालल्यानं, की तोंडावर साय थापणं थांबल्यानं? सगळं एकाच दिवशी सोडलं, त्यामुळे वेगळं करून बघायला काही उरलं नाही. पुढे शाळेत मास्तरीण झाल्यावर मुरूम आलेल्या पोरींना मी तूप सोडा असं कधी सांगितलं नाही, कारण काहींना खायलाच पुरत नव्हतं. मैदानावर मात्र पिटाळलं, आणि सांगितलं की तोंडासाठी पुस्तक कुणी काढून घेतलं तर माझ्याकडे या.

पेटी उघडली तेव्हा गणिताच्या पुस्तकाला वाळवीनं एका कोपऱ्यात खाल्लं होतं. बाकी सगळं शाबूत होतं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत ती पेटी चढवली आणि आम्ही जवळच्या मालेगावला वाशीमची मोटार धरायला निघालो. गाडी वळणार तोच मोठी माय चाकापाशी आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिनं हळूच विचारलं, "मायं गुडघे लय दुखून राह्यले वं. पुढच्या आषाढीले मी काय सोडू?"

"वांगं तं तुले तसंही बाधते," मी म्हटलं, "तूप सोड. फेऱ्या किती ते मी सुट्टीत येऊन सांगते."